काटा कुणाच्या हातात

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने जे तीन कृषी कायदे केले, त्यांतला एक करार शेतीचा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घेतले जाईपर्यंत या विषयावर देशात जेवढे बोलले गेले, तेवढे त्याआधीच्या वीस वर्षांत बोलले गेले नसेल. पण त्या सगळ्या गदारोळात चर्चा फिरली ती दोनच प्रश्नांभोवती. कंपन्या जमिनी बळकावतील का, आणि भाव बांधून मिळेल का. समर्थक कायद्याचे आठवे आणि पंधरावे कलम दाखवत होते: कराराच्या नावाखाली जमिनीची विक्री, भाडेपट्टा वा गहाण करता येणार नाही, आणि येणे वसूल करायला शेतजमिनीला हात लावता येणार नाही. विरोधक एकोणिसाव्या कलमावर बोट ठेवत होते: दिवाणी न्यायालयाचा रस्ता बंद, दाद मागायची ती प्रांताधिकाऱ्याकडे आणि मग जिल्हाधिकाऱ्याकडे. दोन्ही बाजू कलमांचे वाचन बरोबरच करत होत्या. तरीही करारात शेतकरी प्रत्यक्ष जिथे मार खातो, त्या जागेबद्दल फारसे कोणी बोलत नव्हते.

ती जागा म्हणजे काटा. काटा म्हणजे केवळ वजनाचा नव्हे. बटाट्याची चाळणी, दुधाचे फॅट मोजणारे यंत्र, बियाण्याची शुद्धता तपासणारी प्रयोगशाळा, आणि माल नेमका कधी उचलायचा हे ठरवणाऱ्या माणसाचा फोन, हे सगळे मी त्यात धरतो. करारात भाव लिहिलेला असतो. पण शेतकऱ्याच्या खात्यात पडणारी रक्कम हा गुणाकार असतो, आणि भाव हा त्यातला निव्वळ एक आकडा. दुसरा आकडा म्हणजे किती माल ‘धरला’. पहिला आकडा सही करताना ठरतो आणि तो दोघांच्या समोर असतो. दुसरा काढणीनंतर ठरतो, आणि तो ठरवताना बहुतेक वेळा एकच पक्ष हजर असतो. भाव कितीही पक्का बांधा. दुसरा आकडा ज्याच्या मुठीत, करार त्याच्याच मुठीत. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि करार शेतीचा कायदा पुन्हा कधी झाला तर तो इथून सुरू व्हावा असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्राला करार शेती २०२० मध्ये कळली नाही. केंद्राच्या २००३ च्या आदर्श कायद्याला धरून राज्याने २००६ मध्ये बाजार समिती कायद्यात दुरुस्ती केली आणि करार शेतीला मान्यता दिली. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर चिप्ससाठी बटाटा, जळगावकडे निर्जलीकरणासाठी पांढरा कांदा, नाशिकला वाइनची द्राक्षे, जालना-बुलढाण्यात भाजीपाला बियाणे, आणि जवळपास प्रत्येक जिल्ह्यात कोंबडी. हे सारे त्या गाजलेल्या कायद्याविना चालू होते आणि तो रद्द झाल्यावरही चालूच राहिले. म्हणून कायदा चांगला की वाईट या वादापेक्षा या करारांच्या हिशेबाच्या कागदाकडे पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

कोंबडीपासूनच सुरुवात करू, कारण ब्रॉयलरचा करार हा सगळ्यांत रुळलेला आणि सगळ्यांत बारीक हिशेबाचा करार आहे. पिल्लू, खाद्य, लस आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, खाली पसरायचे भाताचे तूस आणि घरच्या दोन माणसांची रात्रंदिवसाची मेहनत शेतकऱ्याची. पक्ष्याची मालकी शेवटपर्यंत कंपनीचीच राहते. शेतकऱ्याला मिळतो तो किलोमागचा ग्रोइंग चार्ज. तो चार्ज कमीजास्त होतो एफसीआरवर, म्हणजे एक किलो वजन भरायला किती किलो खाद्य लागले त्यावर. मरतूक जास्त झाली की कपात, एफसीआर चढला की कपात. उलट दोन्ही आटोक्यात राहिले तर प्रोत्साहन रक्कम.

समजा पाच हजार पिल्ले टाकली. अडीचशे मेली, ४,७५० पक्षी सरासरी २ किलो २०० ग्रॅमला भरले. वजन झाले १०,४५० किलो. खाद्य लागले १६,७२० किलो. एफसीआर आला १.६. हिशेब उत्तम. आता समजा याच वेळी कोंबडीचा बाजार पडलेला आहे आणि कंपनीने पक्षी आठवडाभर उचललेच नाहीत. पक्षी जसा मोठा होतो, तसे खाल्लेल्या खाद्याचे मांसात रूपांतर होण्याचे प्रमाण घसरते. त्या वयाचा पक्षी दिवसाला साधारण १९० ग्रॅम खातो आणि ९० ग्रॅमच्या आसपास वाढतो. सात दिवसांत सहा टनांहून अधिक खाद्य जाते, वजन वाढते जेमतेम तीन टन, आणि एफसीआर १.७ च्या वर सरकतो. मोठ्या पक्ष्यांना उष्म्याचा त्रासही अधिक, त्यामुळे शेवटच्या दिवसांतली मरतूक वेगळीच. काही कंपन्या जास्त वजनासाठी एफसीआरमध्ये सूट धरतात, हेही सांगायला हवे. पण सूट किती धरायची ते कंपनीच्या तक्त्यात असते, आणि तो तक्ता शेतकऱ्याच्या हातात क्वचितच असतो. उचल लांबवण्याचा निर्णय कंपनीचा, त्याने बिघडलेला आकडा शेतकऱ्याच्या नावावर.

या आकड्याच्या दोन्ही बाजू पाहा. खाद्याच्या गोण्या मोजून उतरवल्या जातात, तोलून नाही. गोणीत छापलेल्याएवढे खाद्य आहे का आणि ते कोणत्या प्रतीचे आहे, हे शेडवर तपासायची सोय नसते. कमजोर पिल्लांचा लॉट आला तर मरतूक वाढणारच, पण पिल्लू कोणत्या हॅचरीचे, त्यात अशक्त किती, याची नोंद उतरवून घेताना कोणी करत नाही. शेवटी उचल होते रात्री किंवा पहाटे, कारण उन्हात पक्षी दगावतात. गाडीवाला घाईत, क्रेटमागून क्रेट काट्यावर चढत असतो, रिकाम्या क्रेटचे वजन आधीच ठरवून वजा केलेले असते. बॅटरीच्या उजेडात शेतकरी चिठ्ठीवर सही करतो. पुढच्या बॅचची पिल्ले याच कंपनीकडून यायची असतात. काट्याबद्दल शंका काढणाऱ्याच्या शेडमध्ये पिल्ले उशिराच येतात, हे त्याला माहीत असते. बाजार मंद असला की दोन बॅचमधली मोकळीक लांबते, शेड रिकामी राहते, बँकेचा हप्ता मात्र त्या महिन्यातही येतो. करारात त्या रिकाम्या दिवसांबद्दल एक ओळही नसते. सुरक्षा म्हणून दिलेले कोरे धनादेश मात्र कंपनीच्या कपाटात असतात.

आणि तरीही शेतकरी करार सोडत नाही. त्याचे कारणही तितकेच खरे आहे. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि बाजार कोसळला. स्वतःच्या भांडवलावर पक्षी वाढवणाऱ्यांनी अक्षरशः फुकट वाटले, पुरून टाकले. ज्यांच्या शेडमध्ये कंपनीचे पक्षी होते, त्यांच्या डोक्यावर निदान पिल्लांच्या आणि खाद्याच्या किमतीचा बोजा आला नाही. बाजाराचा धक्का करार खरोखर अडवतो. करार शेती म्हणजे शुद्ध लूट, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. शेतकरी अडाणी म्हणून सही करत नाही. खुल्या बाजाराने त्याला आधी पुरते भाजलेले असते म्हणून करतो. प्रश्न एवढाच आहे की बाजाराची जोखीम कंपनीने घेताना काट्याची जोखीम गुपचूप शेतकऱ्याकडे सरकते, आणि ती कोणी मोजत नाही.

बीजोत्पादनात तर ही गोष्ट टोकाला जाते. जालना हे बियाणे उद्योगाचे जुने केंद्र. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको तिथेच सुरू केली. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात माळरानावर शेडनेटच्या पांढऱ्या-हिरव्या रांगा दिसतात. आत टोमॅटो, मिरची, काकडीचे संकरित बियाणे तयार होत असते. नर आणि मादी वाणांचे बी कंपनी देते. टोमॅटोची कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग त्या कुक्षीला लावायचा, खुणेसाठी फुलाचे निदल खुडून ठेवायचे. एकेका फुलाला हात लावावा लागतो. हे काम बहुतेक बाया करतात, आणि हंगामात एका एकराच्या आतल्या शेडनेटमध्येही मजुरीचा खर्च डोळे फिरवणारा असतो. एक मादी फूल स्वतःच्याच परागाने फळले तर तेवढे बी अशुद्ध. त्यामुळे काम जीव ओतून करावे लागते.

बी तयार होते, वाळते, कंपनीकडे जाते. मग शेतकरी थांबतो. उगवणक्षमता तपासली जाते, आणि नंतर बियाण्याचा नमुना प्रत्यक्ष शेतात पेरून रोपे खरोखर त्या संकराची आहेत का ते पाहतात. या चाचणीला सगळे जीओटी म्हणतात. ती व्हायला महिने लागतात, आणि निकाल लागल्याखेरीज पूर्ण पैसे मिळत नाहीत. निकाल ‘फेल’ आला तर? बटाटा नाकारला तर निदान मंडईत नेऊन पडेल भावाने विकता येतो. नाकारलेले बियाणे बाजारात विकता येत नाही, खाता येत नाही, आणि वाण कंपनीचे असल्याने स्वतः पेरणेही अवघड. संपूर्ण हंगाम एका कागदावरच्या एका शब्दाने शून्य होतो. तो शब्द लिहिणारी प्रयोगशाळा कंपनीची, पेरलेले शेत कंपनीचे, आणि नमुना शेतकऱ्याच्याच पोत्यातून काढला होता का हे सांगणाराही कंपनीचाच माणूस. मी असे म्हणत नाही की कंपन्या खोटे निकाल देतात. अशुद्ध बियाणे बाजारात गेले तर कंपनीचे नाव बुडते आणि ते विकत घेणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याचे पीकही. चाचणी कडक हवीच. पण ज्याला निकालाचा फायदा-तोटा होतो त्यानेच निकाल द्यायचा, ही पद्धत जगातल्या कुठल्याही व्यवहारात मान्य होणार नाही. मग ती शेतकऱ्याच्या बाबतीतच का मान्य व्हावी?

विशेष म्हणजे आपल्या कायद्याला याचे उत्तर माहीत आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यात निरीक्षकाने दुकानातून नमुना घेतला तर त्याचे तीन भाग करायचे असतात. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक विश्लेषकाकडे, आणि एक मोहोरबंद करून राखून ठेवायचा. वाद झाला तर तो उघडायचा. बियाणे विकणाऱ्या दुकानदाराला मिळणारे हे संरक्षण बियाणे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला खाजगी करारात मिळत नाही.

न्यायालयात गेल्यास काय होते? दोन निकाल या बाबतीत महत्त्वाचे आहेत आणि शेतकऱ्यांना ते फारसे ठाऊक नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बीजोत्पादनाचा करार केलेला शेतकरीही ‘ग्राहक’ आहे. त्याने पिकवलेले बी निगम परत विकत घेणार होते, म्हणून त्याने केलेली खरेदी व्यापारी ठरत नाही, आणि करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक मंचाचे दार त्याला बंद होत नाही. दुसरा निकाल मार्च २०२० चा, सफेद मुसळीबद्दलचा. एका अल्पभूधारक शेतकरी महिलेने २००४ मध्ये एका कंपनीशी करार करून मुसळीचे बेणे विकत घेतले. पीक ठरलेल्या भावाने परत घेण्याचे आश्वासन होते. कंपनीने पीक घेतले नाही, अशी तिची तक्रार. ती ग्राहक आहे का, एवढा एकच मुद्दा सुटायला २०२० उजाडले. नुकसानभरपाईचा मूळ प्रश्न तेव्हा पुन्हा जिल्हा मंचापुढे गेला. सोळा वर्षे! महाराष्ट्रातही त्याच काळात सफेद मुसळीच्या नादी लागलेले कितीतरी शेतकरी होते, आणि त्यांतले बहुतेक कुठल्याही मंचापर्यंत पोचले नाहीत.

मुसळी, एमू पक्षी, २०१९ मध्ये इस्लामपूरहून उजेडात आलेले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण, या गोष्टी करार शेतीच्या खात्यात टाकायच्या की फसवणुकीच्या, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या मालाला शेवटचा गिऱ्हाईकच नाही, त्याच्या परत-खरेदीचे आश्वासन देऊन पिल्ले आणि बेणे विकणे हे पोलिसांचे काम आहे, कृषी धोरणाचे नव्हे. मी ते बाजूला ठेवतो. प्रामाणिक कंपन्यांचे करार मला जास्त चिंतेचे वाटतात, कारण त्यांत कोणी गुन्हा करत नाही आणि तरीही शेतकऱ्याच्या पदरी कमी पडते.

काटा दुसऱ्याच्या हातात असणे ही आजची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये निळीच्या मळेवाल्या साहेबांकडून रयत आगाऊ रक्कम घेई आणि निळीचे पीक देई. भाव पेंढ्यांवर ठरलेला असे: रुपयाला इतक्या पेंढ्या. पेंढी मोजायची साखळीने, आणि साखळी आवळायची कोठीच्या नोकराने. साखळी जितकी घट्ट ओढावी तितक्या पेंढ्या कमी भरत. आगाऊ रकमेचे कर्ज कधीच फिटत नसे. १८५९-६० मध्ये रयतेने नीळ पेरायला नकार दिला, चौकशी आयोग बसला. चंपारणची तीनकठिया पद्धत वेगळी होती, बिघ्यातल्या वीसपैकी तीन कठ्ठे नीळ लावण्याची सक्ती. ती मोडायला १९१७ चा सत्याग्रह लागला. आजच्या कंपनीला निळीचा साहेब म्हणणे अन्यायाचे होईल, कारण आज सक्ती नाही, सही आहे. पण साखळी कोणी ओढायची हा प्रश्न तेव्हा होता तसाच आज आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांची सगळ्यांत मोठी तक्रार: बाजार चढला की शेतकरी करार मोडतो. कंपनीने बी दिले, खत दिले, सल्ला दिला, आणि काढणीच्या दिवशी ट्रॅक्टर बाजार समितीकडे वळला. असे घडते, सर्रास घडते, आणि ते चूकच आहे. दिलेला शब्द पाळला पाहिजे. पण या तक्रारीतून कंपन्यांनी जो धडा घेतला तो शेतकऱ्याला महागात पडतो: ज्या पिकाला दुसरा गिऱ्हाईकच नाही, तेच पीक करारावर द्यावे. कर्नाटकातली घेरकिन म्हणजे लोणच्याची बुटकी काकडी याचे ठळक उदाहरण. ती जवळपास सगळी परदेशी जाते, गावच्या बाजारात तिला कोणी विचारत नाही, त्यामुळे करार मोडायचा प्रश्नच येत नाही. नाशिकच्या वाइनच्या द्राक्षांचे तेच झाले. ही द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. खायला कोणी घेत नाही. २००१ च्या वाइन धोरणानंतर लागवडी वाढल्या, २००८ नंतर मंदी आली, वाइनरींनी हात आखडला, आणि कराराची द्राक्षे वेलीवर राहिली. कित्येकांनी बागाच उपटून टाकल्या. करार होता, भाव होता, घेणारा नव्हता, आणि दुसरा कोणी असण्याची शक्यताच करार करताना संपलेली होती.

यातून मी एक निष्कर्ष काढतो, आणि तो बाजार समित्यांवर सरसकट टीका करणाऱ्यांना रुचणार नाही. करार केलेल्या शेतकऱ्याची सर्वांत मोठी ताकद करारात नसते, ती कराराबाहेरच्या बाजारात असते. पांढऱ्या कांद्याचा करार करताना शेतकऱ्याच्या मनात लासलगावचा लिलाव असतो. त्या लिलावाचा आकडा दर दिवशी उघड असतो, म्हणून कंपनीला भावाचे सूत्र त्याला जोडावे लागते: किमान भाव इतका, आणि बाजार त्याच्या वर गेला तर त्यानुसार वाढीव. असे सूत्र असले की करार मोडण्याचा मोहही कमी होतो. उघड लिलाव मोडीत काढून निव्वळ करारांवर शेती उभी करायची म्हटली, तर तोलून पाहायला दुसरा काटाच उरणार नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी आयुष्यभर खुल्या बाजाराचा आग्रह धरला. त्या आग्रहातला शेतकऱ्याला गिऱ्हाईक निवडता आले पाहिजे हा भाग मला आजही पटतो. पण एकाच गिऱ्हाइकाशी बांधणारा करार हा खुला बाजार नव्हे. तो खुल्या बाजाराचा शेवट असू शकतो.

आता कोणी म्हणेल, कायद्याने भाव बांधला की सगळे सुटेल. ऊस पाहा. उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. महाराष्ट्रात कारखान्याकडे उसाची नोंद करणे हा एक प्रकारचा करारच आहे, आणि त्याला देशात कुठल्याच पिकाला नसेल एवढे कायद्याचे कवच आहे. तरीही ऊस पट्ट्यात दर हंगामात कोणती तक्रार ऐकू येते? काटामारीची. एफआरपी ठरते साखर उताऱ्यावर. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये. उतारा मोजते कारखान्याची प्रयोगशाळा, वजन करतो कारखान्याचा काटा. सरकारने भाव छापला तरी गुणाकारातला दुसरा आकडा कारखान्याच्या आवारातच राहिला. म्हणून वजनकाट्यांवर भरारी पथके पाठवावी लागतात, म्हणून शेतकरी संघटना बाहेरच्या काट्यावर वजन करून उसाचा ट्रॅक्टर आत सोडण्याचा हट्ट धरतात. दुधाचे तेच: दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला जाहीर होतो, आणि भांडण होते ते संकलन केंद्रावरच्या मिल्कोमीटरवर.

दोन्ही पक्षांच्या ताकदीत किती अंतर आहे, हे २०१९ मध्ये गुजरातमध्ये दिसले. पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत बटाटा वाणाची लागवड विनापरवाना केल्याचा आरोप ठेवून साबरकांठा भागातल्या शेतकऱ्यांवर खटले भरले. त्यांतल्या चार जणांकडे प्रत्येकी एक कोटी पाच लाखांची मागणी होती. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने खटले मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद पुढे वेगळ्या मार्गाने चालला. त्यात मी जात नाही. मला लक्षात राहते ती गोष्ट अशी की कंपनीला दाद मागायची झाली तेव्हा ती अहमदाबादच्या व्यापारी न्यायालयात थेट कोटीचा आकडा घेऊन जाऊ शकली. बटाटा ‘साखर जास्त’ म्हणून नाकारला गेलेल्या शेतकऱ्याला तो आकडा तपासायला कुठे जायचे हेच ठाऊक नसते. चिप्स तळताना काळी पडू नये म्हणून बटाट्यात साखर कमी लागते, हे खरे. पण ती किती भरली हे त्याच्या डोळ्यांसमोर मोजले जात नाही.

म्हणून माझी मागणी भावापासून सुरू होत नाही. कराराचा कायदा करायचा असेल तर राज्यानेच करावा, तमिळनाडूने २०१९ मध्ये स्वतःचा केला तसा, आणि त्याचा गाभा मोजमाप असावा. जिथे माल नाकारण्याचा अधिकार कंपनीला आहे, तिथे नमुन्याचा मोहोरबंद भाग शेतकऱ्याकडे राहावा आणि वाद झाल्यास तो कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासला जावा. आपल्याकडे चार कृषी विद्यापीठे आहेत. हे काम त्यांनी आपले मानले तर त्यांची उपयुक्तता गावातल्या माणसाला एका हंगामात कळेल. उचलीची तारीख करारात असावी, आणि त्या तारखेनंतरचे खाद्य, मरतूक, घट कंपनीच्या खात्यात जावी. नाकारलेल्या मालाचे कारण लेखी, मराठीत आणि ठरावीक दिवसांत द्यावे. पैसे चौदा दिवसांत. उसाला जमते ते कोंबडीला आणि बटाट्याला न जमण्याचे कारण नाही. लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे बंधन २००६ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर घातले आहे. शेतकऱ्याला मात्र आपलेच पैसे मागायला कंपनीच्या सुपरवायझरला वारंवार फोन करावा लागतो. आणि कोरा धनादेश घेणे बेकायदा ठरावे, त्याला कसलाही अपवाद नको.

यावर कंपन्या म्हणतील की एवढी बंधने घातली तर आम्ही दुसऱ्या राज्यात जाऊ. जी कंपनी निव्वळ काट्यावर नफा काढते ती गेलेली बरी. जी मालाच्या दर्जावर धंदा करते, तिला मोहोरबंद नमुन्याची भीती वाटायचे कारण नाही. उलट तिच्या निकालावर विश्वास वाढेल आणि करार मोडणारेही कमी होतील.

कायदा होईपर्यंत शेतकऱ्यांनी काय करावे? एकट्याने सही करू नये. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर होती. एवढ्या जमिनीचा एकटा मालक कंपनीपुढे काट्याचा प्रश्न काढूच शकत नाही. पन्नास जण एकत्र असले तर काढू शकतात, कारण पन्नास शेडची उचल थांबली तर कंपनीचीही अडचण होते. महाग्रेप्सने १९९१ पासून द्राक्षाच्या निर्यातीत आणि पुढे मोहाडीच्या सह्याद्री या शेतकरी उत्पादक कंपनीने हे दाखवले की शेतकऱ्यांची संस्था स्वतःचे प्रतवारीचे केंद्र उभे करू शकते, आणि मग गिऱ्हाइकाशी बोलण्याची भाषाच बदलते. सगळ्याच शेतकरी उत्पादक कंपन्या तशा उभ्या राहिलेल्या नाहीत. पुष्कळ केवळ अनुदानासाठी नोंदलेल्या आहेत हे मला दिसते. पण स्वतःचे शीतगृह नाही तरी स्वतःचा प्रमाणित वजनकाटा घ्यायला फार भांडवल लागत नाही. गटाचा पहिला खर्च तोच असावा.

आणि या हंगामात जो कोणी करार करणार आहे, त्याला एवढेच सांगणे: भाव विचारण्याआधी माल कोण मोजणार, कुठे मोजणार आणि मोजताना मी तिथे असेन का, हे विचारा. खाद्याची प्रत्येक पावती, उचलीची प्रत्येक चिठ्ठी, फोनवरचे प्रत्येक ‘उद्या गाडी येते’ तारखेसह वहीत लिहून ठेवा. नमुन्याची एक पिशवी मोहोरबंद करून मागा. जी कंपनी ती द्यायला नकार देते, तिच्या कागदावर सही करू नका.